मिठाचे कोठार: बर्फाच्या देशात आणि शीळफाट्यावर

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या बाजूला विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी मला एक छायाचित्र दाखवले. त्यांच्या कॅनडात राहणाऱ्या भावाने ते पाठवले होते. रस्त्याच्या कडेला एक घुमटाकार इमारत, आत दोन मजली घराएवढा पांढरट करडा ढीग आणि त्या ढिगात तोंड खुपसून उभे असलेले लोडर यंत्र. हा ढीग मिठाचा होता. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकण्यासाठी तिथल्या नगरपालिकेने तो साठवलेला होता. बाईंनी हे चित्र सातवीच्या वर्गात दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले, "बाई, मग आपल्या शीळफाट्यावर असे कोठार का नाही?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण मला तो प्रश्न फार आवडला. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून' हे त्याचे उत्तर बरोबर आहे, पण ते चर्चा तिथेच थांबवते. त्याऐवजी शीळफाट्यावर असे कोठार खरोखरच बांधायचे आहे असे क्षणभर मानू या. ते किती मोठे लागेल? त्याला छप्पर कशाला? जमीन कशी हवी? या प्रश्नांची उत्तरे शोधताना रसायन, भौतिकी, भूमिती आणि आपल्या खाडीकाठचा इतिहास या सगळ्यांशी गाठ पडते. शेवटी आपल्या रस्त्यांविषयीही थोडे शहाणपण पदरात पडते.

रस्त्याचे ऋतू

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता शीळफाट्याजवळ एकमेकांना भेटतात. अवजड वाहनांची इथे अहोरात्र रीघ असते. या रस्त्यांना वर्षातले आठ महिने फारसा त्रास नसतो. त्यांची परीक्षा असते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

थंड देशांतल्या रस्त्यांचीही अशीच चार महिन्यांची परीक्षा असते, फक्त ती हिवाळ्यात. दोन्हीकडे रस्त्याचा शत्रू एकच आहे: पाणी. आपल्याकडे ते द्रवरूपात येते, तिकडे घनरूपात. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर बसला की टायर आणि रस्ता यांतले घर्षण अगदी कमी होते. ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. हा थर बसूच नये, बसलाच तर सुटावा, यासाठी तिथे मीठ पसरतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांसाठी मिठाचा पद्धतशीर वापर सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, तशी ही पद्धत सर्वत्र पसरली. आज एकट्या अमेरिकेत दरवर्षी अंदाजे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते.

मीठ बर्फ का वितळवते?

बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो. बर्फातले काही रेणू सुटून या पाण्यात येतात आणि पाण्यातले काही रेणू परत बर्फाला चिकटतात. ही ये-जा सतत चालू असते. शून्य अंश सेल्सिअसला जाणारे आणि येणारे समान असतात, म्हणून बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी टिकतात.

आता या पाण्यात मिठाचा खडा पडला. मीठ विरघळून सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन पाण्यात पसरले. पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत आता हे परके घुसले. त्यामुळे बर्फाकडे परतणाऱ्या पाण्याच्या रेणूंची संख्या घटली. बर्फातून सुटणाऱ्यांवर मात्र काही परिणाम झाला नाही. जाणारे जास्त, परतणारे कमी, म्हणून बर्फ वितळू लागतो. हा तोल पुन्हा साधायचा तर तापमान आणखी खाली उतरावे लागते. यालाच आपण 'गोठणबिंदू खाली गेला' असे म्हणतो.

किती खाली? एक किलो पाण्यात ५८.५ ग्रॅम, म्हणजे एक मोल मीठ घातले, तर गोठणबिंदू सुमारे साडेतीन अंशांनी उतरतो. साखरेचा एक मोल घातला तर तो जेमतेम त्याच्या निम्म्याने उतरतो, कारण साखरेचा रेणू अखंड राहतो आणि मिठाचे मात्र दोन आयन होतात. महत्त्व कणांच्या संख्येला आहे, हे मुलांना पटवण्यासाठी हे उदाहरण चांगले.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हमखास एक शंका काढतो. कुल्फीवाला मटक्यात बर्फ भरतो आणि त्यात जाडे मीठ घालतो. तिथे तर मिठामुळे दूध गोठते! मग मीठ गोठवते की वितळवते?

उत्तर असे, की मीठ दोन्ही ठिकाणी बर्फ वितळवतेच. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. मटक्यातला बर्फ मिठामुळे वितळू लागतो, तेव्हा ही उष्णता तो शेजारून, म्हणजे कुल्फीच्या डब्यांतून खेचून घेतो. दूध गोठते ते त्यामुळे. रस्त्यावरचा बर्फ हीच उष्णता जमिनीतून, हवेतून, उन्हातून आणि टायरांच्या घर्षणातून घेतो. क्रिया एकच, आपले लक्ष एका ठिकाणी दुधाकडे आणि दुसऱ्या ठिकाणी बर्फाकडे असते, एवढाच फरक.

*करून पाहा:* बर्फाचा बारीक चुरा तीन भाग आणि जाडे मीठ एक भाग वजनाने घेऊन एका भांड्यात ढवळा. तापमान दर मिनिटाला नोंदवा. शाळेतला तापमापक बहुधा उणे १० अंशांपर्यंतच मोजतो, आणि हे मिश्रण त्याहूनही खाली जाऊ शकते, हे आधीच सांगून ठेवा. मिश्रणाला बोट लावू देऊ नका. इतक्या थंडीने त्वचेला इजा होते.

मिठाची मर्यादा

मीठ वाढवत गेले म्हणून गोठणबिंदू हवा तेवढा उतरत नाही. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असलेले पाणी उणे २१ अंशांना गोठते. ही शेवटची पायरी. त्याहून थंड हवेत साधे मीठ कितीही टाकले तरी उपयोग नाही. प्रत्यक्षात उणे ९-१० अंशांखालीच मिठाचे काम इतके मंदावते, की ते परवडत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड यांची मदत घेतात. ही लवणे आणखी खालच्या तापमानाला काम देतात, पण महाग असतात.

आपल्याच देशात लडाखकडे पाहिले की ही मर्यादा स्पष्ट होते. तिथल्या उंच खिंडींत हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना या भागातले रस्ते मोकळे ठेवते. तिचा मुख्य भर बुलडोझर आणि बर्फ कापून दूर फेकणाऱ्या यंत्रांवर असतो. त्या थंडीत साध्या मिठाच्या भरवशावर रस्ता मोकळा राहणार नाही. मीठ हे सौम्य हिवाळ्याचे औषध आहे.

कोठार किती मोठे?

आता शीळफाट्याच्या काल्पनिक कोठाराकडे वळू. भिवंडी-कल्याण-शीळ रस्ता सुमारे २१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याची रुंदी सरासरी २० मीटर धरू. क्षेत्रफळ झाले ४ लाख २० हजार चौरस मीटर. बर्फ जमण्याआधी टाकायचे तर चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम मीठ पुरते. २० ग्रॅम धरले तर एका फेरीला ८.४ टन मीठ लागेल. एका हिवाळ्यात अशा १०० फेऱ्या होतील असे मानले, तर ८४० टन. म्हणून साठा १००० टनांचा करू.

हजार टन मिठाची रास केवढी होईल? सुटे जाडे मीठ घनमीटरला साधारण सव्वा टन भरते. म्हणजे घनफळ ८०० घनमीटर. वरून ओतलेल्या मिठाची रास आपोआप शंकूचा आकार घेते आणि तिचा उतार जमिनीशी सुमारे ३२ अंशांचा कोन करतो. धान्याची, वाळूची, खडीची, प्रत्येकाची रास आपापल्या ठरावीक उताराची असते. ३२ अंशांच्या शंकूत उंची ही त्रिज्येच्या ०.६२५ पट. शंकूच्या घनफळाच्या सूत्रात या किमती घातल्या, तर त्रिज्या सुमारे १०.७ मीटर आणि उंची सुमारे ६.७ मीटर येते.

छायाचित्रातली इमारत घुमटाकार का होती, हे आता कळेल. शंकूवर चौकोनी इमारत बांधली तर कोपरे रिकामे राहतात. गोल, निमुळते छप्पर राशीच्या अंगासरशी बसते. दहावीच्या वर्गाला महत्त्वमापन शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

एका फेरीला फक्त साडेआठ टन लागतात, तर हजार टन आधीपासून का भरून ठेवायचे, असेही कोणी विचारेल. कारण थंडीची लाट सगळीकडे एकदम येते आणि मागणीही एकदम वाढते. २००९-१० च्या कडक हिवाळ्यात ब्रिटनमध्ये मिठाचे साठे इतके खालावले, की नगरपालिकांना रोजचा वापर कमी करायला सांगावे लागले. चेशर परगण्यातली विन्सफर्डची मोठी मिठाची खाण देशातच होती, पण खाणीतून मीठ निघण्याचा वेग एकाएकी वाढवता येत नाही. म्हणून कोठारे उन्हाळ्यातच भरतात.

बांधकाम: पाण्याला दूर ठेवणारी इमारत

मिठाचे कोठार ही वरवर साधी इमारत असते. पण तिचा प्रत्येक भाग एकाच हेतूने बांधलेला असतो: मीठ आणि पाणी यांची गाठ वेळेआधी पडू नये.

सर्वांत वर छप्पर. ते नसेल तर काय होईल, हे शीळफाट्याच्या पावसावरून काढू. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो. आपल्या राशीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात तिच्यावर ९०० घनमीटर, अर्थात ९०० टन पाणी पडेल. १०० ग्रॅम पाणी जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळवते. पाण्याचा प्रत्येक थेंब मिठाने संपृक्त होऊन वाहिला तर ३२० टनांहून अधिक मीठ, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रास वाहून जाईल. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे. राशीवर कठीण पापुद्रा धरतो आणि बरेच पाणी पुरते खारट होण्याआधीच निसटते. तरीही नुकसान मोठेच.

आणि नुकसान केवळ मिठाचे नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक सांगते. एक किलो मिठात सुमारे ६०० ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे ही मर्यादा गाठायला एक किलो मीठ सुमारे अडीच हजार लिटर गोड्या पाण्याला पुरते! दहा टनांचा एक ट्रक मीठ झिरपले, तर जवळपास अडीच कोटी लिटर. क्लोराइड कुजत नाही, उडून जात नाही आणि मातीत फारसे अडकतही नाही. पाणी जाईल तिथे ते जाते. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत मिठाचे ढीग उघड्यावर ठेवत. आसपासच्या विहिरी खारट होऊ लागल्या, तेव्हा छपराचा आग्रह सुरू झाला.

छपराच्या खालोखाल महत्त्व जमिनीला. ती डांबराची किंवा लेप दिलेल्या काँक्रीटची, पाणी न झिरपू देणारी असते. आतून दरवाजाकडे थोडा उतार ठेवतात. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घेतात. कोठाराच्या अंगणात सांडलेले मीठ पावसाने धुपले, तर ते पाणी ओढ्यात न सोडता टाकीत जमा करतात. ते वाया जात नाही. या पाण्यात आणखी मीठ घालून २३ टक्क्यांचे द्रावण करतात आणि तेच रस्त्यावर फवारतात, किंवा कोरडे मीठ टाकण्याआधी त्याने भिजवून घेतात. ओलसर खडे टायरांच्या वाऱ्याने कडेला उडत नाहीत आणि लगेच कामाला लागतात.

भिंती आणि छपराचा सांगाडा पुष्कळदा लाकडी असतो. लोखंड मिठाच्या सहवासात गंजते, लाकूड गंजत नाही. मिठाची गाडी भरण्याचे कामही शक्यतो छपराखालीच करतात. शेवटची गोष्ट, मिठाचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात सोडियम फेरोसायनाइड अत्यल्प प्रमाणात मिसळतात. गठ्ठे झालेले मीठ पसरणाऱ्या यंत्रातून नीट पडत नाही.

आपल्या खाडीकाठची कोठारे

हे सगळे वाचून मिठाची साठवण ही परदेशी विद्या आहे असे वाटेल. पण शीळफाट्यावरून पारसिकच्या डोंगरापलीकडे पाहा. ठाण्याच्या खाडीकाठी मुलुंड, भांडुप, कांजूर इथे पिढ्यान्पिढ्या मिठागरे होती. त्यांतली बरीचशी आता बंद पडली आहेत. उरण, पेण, वसई हेही मिठाचेच मुलूख. या भागातल्या आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडले जाते, आणि आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा.

मिठागरातले काम पावसाळा संपल्यावर सुरू होते. बांध दुरुस्त करायचे, भरतीचे पाणी आत घ्यायचे, ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने आटवायचे आणि शेवटी खाली बसलेले मीठ ओढून काढायचे. पण एवढ्याने भागत नाही. जूनच्या आत पीक न विकले गेले, तर ते पावसाळाभर सांभाळायचे कसे? आगरातली माणसे उंच, चोपलेल्या जागेवर मिठाची रास घालत, तिला बाजूंनी चापून उतार देत आणि वाळलेल्या गवताने ती शाकारत. पुढे गवताच्या जागी प्लॅस्टिकचे कापड आले. उंच जोते, घट्ट जमीन, उतार आणि छप्पर: कॅनडातल्या कोठारातली चारही तत्त्वे इथे आहेत. ती कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. पावसाने शिकवली होती.

पावसाशिवाय आणखी एक शत्रू छपरालाही जुमानत नाही. तो म्हणजे हवेतले बाष्प. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठसुद्धा हवेतले पाणी खेचून विरघळू लागते. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि आजी त्यात तांदळाचे दाणे टाकते, ते याच महिन्यांत. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो. त्याला तर अवघी ३३ टक्के आर्द्रता पुरते, म्हणून जाडे मीठ आधी ओले होते. कॅनडातल्या कोरड्या थंडीत छप्पर घातले की बरेच काम भागते. शीळफाट्यावर आपले कोठार जुलैत आतूनही पाझरू लागेल.

*करून पाहा:* पावसाळ्यात दोन बशांत प्रत्येकी ५० ग्रॅम मीठ ठेवा, एकीत पाकिटातले बारीक मीठ आणि दुसरीत जाडे मीठ. रोज ठरावीक वेळी वजन करा. हाच प्रयोग जानेवारीत पुन्हा करा आणि आलेख शेजारी शेजारी लावा.

दोन पूल, एकच रोग

रस्त्यावर टाकलेले मीठ अखेर जाते कुठे? काही मातीत, काही ओढ्यांत, आणि काही पुलांच्या सांध्यांतून खाली काँक्रीटमध्ये. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ १९७२ साली अनेक मजली पुलांचा एक प्रसिद्ध गुंता वाहतुकीला खुला झाला. तिथे हिवाळ्यात टाकलेल्या मिठाचे पाणी वरच्या सांध्यांतून खालच्या तुळयांवर गळत राहिले, आतले पोलाद गंजले आणि वर्षानुवर्षे दुरुस्ती करत राहावी लागली.

त्याच सुमारास, १९७३ साली, वाशीजवळ ठाण्याच्या खाडीवर पूल सुरू झाला. इथे रस्त्यावर कोणी चिमूटभरही मीठ टाकले नव्हते. पण खाली खारे पाणी आणि भोवती खारी, दमट हवा. ताण दिलेल्या पोलादी तारा घालून केलेल्या काँक्रीटचा हा पूल होता. त्या तारा गंजल्याचे आढळले, वाहतुकीवर बंधने आली आणि अखेर शेजारी दुसरा पूल बांधून १९९७ मध्ये सुरू करावा लागला. गोव्यात तर याहून वाईट घडले. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तिथेही गंजलेल्या तारांचे कारण पुढे आले. सोळा वर्षे हे काही पुलाचे आयुष्य नव्हे.

काँक्रीटच्या पोटातले पोलाद एरवी का गंजत नाही? काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते. त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो. अशा वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिपातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे चिलखत होतो. क्लोराइडचे आयन हे चिलखत जागोजागी भेदतात. तिथे गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. तो आतून काँक्रीटला रेटतो, भेगा पडतात, त्या भेगांतून आणखी खारे पाणी शिरते आणि हे चक्र वेग घेते.

*करून पाहा:* झाकणाच्या चार बाटल्या घ्या. पहिलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी, तिसरीत चुन्याची निवळी आणि चौथीत चुन्याच्या निवळीत मीठ घाला (१०० मिलिलिटरला ३ ग्रॅम). बाटल्या अर्ध्याच भरा. प्रत्येकीत पॉलिश कागदाने घासलेला साधा, जस्ताचा मुलामा नसलेला खिळा टाका आणि झाकणे लावा. दोन-तीन आठवडे निरीक्षण करा. तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीतल्या खिळ्यांची तुलना करा. तिसरी बाटली म्हणजे निरोगी काँक्रीट, चौथी म्हणजे खाडीवरचा पूल. चुन्याची निवळी डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्या.

मग शीळफाट्यावर काय साठवावे?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे पुरे उत्तर देता येईल. शीळफाट्यावर मिठाचे कोठार नको, कारण इथे बर्फ नाही, दमट हवेत ते टिकवणे कठीण, आणि इथल्या पुलांना खाडीचेच मीठ पुरेसे जड जाते. पण कोठार नको याचा अर्थ त्यामागची तयारीही नको, असा नाही.

थंड देशांत अनुभवाने एक गोष्ट शिकली गेली. बर्फ रस्त्याला चिकटल्यावर तो सोडवायला मीठ फार लागते. चिकटण्याआधीच खाऱ्या पाण्याचा पातळ थर दिला, तर त्याच्या अंशाने काम होते. आपल्या डांबरी रस्त्यालाही हाच न्याय लागू आहे. खडीला डांबरापेक्षा पाण्याचे आकर्षण अधिक असते. बारीक भेगेतून पाणी आत शिरले, की ते डांबराला बाजूला सारून खडीवर स्वतः बसते. वरून अवजड चाक गेले, की भेगेतले पाणी दाबले जाऊन आत घुसते आणि चाक पुढे सरकताच बाहेर उसळते. प्रत्येक चाकागणिक खडी सुटी होत जाते. मे महिन्यातली बोटभर भेग जुलैत खड्डा होते ती अशी. ती भेग मे महिन्यात बुजवायला थोडे डांबर पुरते. जुलैतला खड्डा भर पावसात नीट भरून निघणेच कठीण, कारण ओल्या खडीला तापवलेले डांबर धरत नाही.

म्हणून आपल्या कोठारात मिठाऐवजी भेगा बुजवण्याचे साहित्य, बारीक खडी, पावसातही वापरता येणारे थंड डांबरमिश्रण आणि गटारे उपसण्याची हत्यारे असावीत. आणि ते मृगाच्या आधी भरलेले नव्हे, मृगाच्या आधी वापरून झालेले असावे. शेतकरी घर शाकारतो ते मृगाच्या आधी, आगरी मिठाची रास झाकत असे तेही मृगाच्या आधी. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पद्धत त्यांना परवडणारी नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शिक्षकांनी मुलांना एक काम द्यावे. शाळेसमोरच्या शंभर मीटर रस्त्याचा नकाशा काढायचा. भेगा, खोलगट जागा, तुंबलेली गटारे त्यावर दाखवायची आणि कुठे खड्डा पडेल याचा अंदाज लिहून ठेवायचा. ऑगस्टमध्ये त्याच नकाशावर खरे खड्डे लाल शाईने भरायचे. अंदाज कितपत जुळला ते मुलांनीच मोजावे. आणि पुढच्या मे महिन्यात तो नकाशा घेऊन मुलांनी प्रभाग कार्यालयात जावे.